कंबर दुखते, पण डॉक्टर काय म्हणाले?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी, हुमणी यांविषयी लिहितो. या अंकासाठीही खोडव्यात पाचट ठेवण्याचा लेख तयार होता. तो पुढच्या अंकी घेऊ. मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि तीच आधी लिहावी असे वाटले. विषय कंबरदुखीचा आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकीचा डिप्लोमा केलेला माणूस. औषध सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही व आम्ही ते सांगणारही नाही. परंतु दुखणेकऱ्याशी डॉक्टर कसे बोलतात, त्यावरून तो उपचाराकडून काय अपेक्षा धरतो आणि त्या अपेक्षेचा पुन्हा दुखण्यावर काय परिणाम होतो, यावर जगात बरेच संशोधन झालेले आहे. ते वाचताना आम्हांला आमच्याच खात्याची गोष्ट वाचत आहोत असे वाटले. ते कसे, हे पुढे येईल.

झाले असे. जूनचा दुसरा आठवडा, आडसालीच्या लागणीची धांदल सुरू व्हायची होती. गट ऑफिसात एक सभासद आले. वय पन्नास-बावन्न. नाव लिहीत नाही, आपण त्यांना तात्या म्हणू. एमआरआयच्या फिल्मची भली मोठी पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सायेब, मातीचा रिपोर्ट वाचून सांगताय, तसा ह्यो बी वाचा की."

सहा महिने कंबर दुखत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन दाखवली, फिल्म काढली. तिथे गर्दी होती. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "गादी सरकलीय, मणक्यात गॅप आहे. आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. नाहीतर पाय जातील." गोळ्या दिल्या, पट्टा दिला, पुढचा नंबर पुकारला. तात्या घरी आले ते खाटेवरच पडले. चार एकर लागण वाट्याने द्यायचे ठरवून टाकले आणि पुढची नोंद वाटेकऱ्याच्या नावावर कशी करायची, हे विचारायला आमच्याकडे आले होते.

आम्ही विचारले, "दुखणं वाढलंय का?"

"दुकतंय पैल्याएवढंच. पर आता वाकायचंच भ्या वाटतंय."

फिल्म आम्ही वाचली नाही. ते आमचे काम नव्हे. पण तात्या गेल्यावर आमची एक जुनी चूक आठवली, ती इथे सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका सभासदाच्या मातीचा तपासणी अहवाल आला. सामू साडेआठच्या वर, क्षारही वाढलेले. उन्हाची वेळ होती, पुढे अजून सहा प्लॉट बघायचे होते. आम्ही मोटारसायकलवर बसल्या बसल्याच म्हणालो, "अण्णा, रान गेलं तुमचं." एवढेच. त्यांनी दोन वर्षे त्या पावणेदोन एकरांत कुदळ मारली नाही. वास्तविक चर काढून निचरा करणे, ताग-धैंचा गाडणे, जिप्समची मात्रा ठरवून देणे, पाणी मोजून सोडणे, असे करण्यासारखे पुष्कळ होते. पुढे सच्छिद्र पाइप टाकल्यावर ते रान सुधारलेही. अहवाल खरा होता, त्यातले आकडेही खरे होते. चुकले ते आमचे वाक्य. दोन हंगामांचे उत्पन्न त्या वाक्यात गेले आणि अण्णांनी आम्हांला कधी बोलून दाखवले नाही, हे अधिक लागते.

आता फिल्मचे बघू. अमेरिकेत ९८ माणसांच्या कमरेचा एमआरआय काढून १९९४ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विशेष असे की, यांतल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती. तरीही निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणी मणक्यामधली गादी फुगलेली दिसली. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले अवघे ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ साली अशा ३३ अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. एकूण ३,११० माणसे आणि तीही सगळी न दुखणारी. त्यांत विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज होती आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत होती. फुगवटा विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे डोक्यावरचे केस पिकावेत तशा आत गाद्याही पिकतात, बाहेरून दिसत नाहीत इतकेच. तात्यांच्या वयाच्या दहा धडधाकट माणसांना आपल्या काट्यावरून उचलून यंत्रात घातले, तर अर्ध्याअधिकांच्या फिल्मवर काही ना काही लिहून येईल.

'गॅप' या शब्दाबद्दल तर आमचे स्पष्ट मत आहे की, तो आपल्या भागातून हद्दपार व्हावा. गादी झिजली की दोन मणक्यांतले अंतर उलट कमी होते. पण 'गॅप पडला' म्हटल्यावर माणूस डोळ्यांपुढे काय आणतो? गाडीचे जू निसटावे तसे मणके सुटे झाले आणि आता वाकलो की संपलो. मग तो लाकडासारखा ताठ चालायला लागतो. ताठ राहिल्याने पाठीचे स्नायू आखडतात, आखडले की अधिक दुखते, अधिक दुखले की त्याची खात्री पटते की, डॉक्टर म्हणाले तेच खरे. हे चक्र आहे. तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या दुखण्याला डॉक्टरलोक जुनाट दुखणे म्हणतात, आणि अशा दुखण्यात मूळ इजेपेक्षा या चक्राचाच वाटा पुष्कळदा मोठा असतो.

कोणी म्हणेल, म्हणजे दुखणे मनाचे आहे असे साहेबांचे म्हणणे. तसे बिलकूल नाही. दुखणे खरेच असते. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेली व्याख्या २०२० साली सुधारली. माणूस दुखते म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा मान राखला पाहिजे, असे त्या व्याख्येच्या टिपांत स्पष्ट म्हटले आहे. प्रश्न वेगळा आहे. कानात पडलेला शब्द शरीरात नेमके काय करतो?

१९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. काहींना वेदनाशामक म्हणून जे टोचले त्यात औषधच नव्हते. तरी त्यांतल्या कित्येकांचे दुखणे कमी झाले. मग त्यांना नॅलॉक्सोन दिले. अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम पुसून टाकणारे हे औषध आहे. ते देताच दुखणे परत वाढले. याचा अर्थ असा की, आराम पडेल या भरवशावर शरीराने स्वतःचाच अफूसारखा पदार्थ आत सोडला होता आणि नॅलॉक्सोनने तो अडवला. म्हणजे आराम काल्पनिक नव्हता, त्याच्यामागे रसायन होते.

याची दुसरी बाजू २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फार स्वच्छ दिसते. २२ निरोगी माणसे घेतली. पायाला चटका देणारे यंत्र लावले आणि शिरेतून एक कडक वेदनाशामक औषध एकाच मापाने चालू ठेवले. औषध सुरू झाल्याचे सांगितले नव्हते तेव्हा थोडा आराम पडला. "आता औषध सुरू करतो" असे म्हटल्यावर तेवढ्याच औषधाने आराम दुप्पट झाला. नंतर "औषध बंद केले, आता दुखणे वाढू शकेल" असे सांगितले. प्रत्यक्षात नळी चालूच होती. पण आराम जवळजवळ नाहीसा झाला. चालू पाण्याचा परिणाम 'पाणी बंद केले' एवढ्या बोलण्याने जावा, असा हा प्रकार आहे. पिकाच्या बाबतीत असे होत नाही, हे आपले नशीब.

बाळंतपणासाठी आलेल्या १४० स्त्रियांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. पाठीत भूल देण्याआधी कातडी बधिर करायचे एक लहान इंजेक्शन देतात. अर्ध्या जणींना सांगितले, "आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यांत वाईट भाग." बाकीच्यांना सांगितले, "आता जागा बधिर करतो, म्हणजे पुढे तुम्हांला त्रास होणार नाही." सुई तीच, औषध तेच. दहापैकी गुण द्यायला सांगितले तर पहिल्या गटाचा मधला आकडा ५ आला आणि दुसऱ्याचा ३. हे २०१० साली छापून आले. पोराला डोस पाजायला नेताना "आता बघ कसं टोचतील" म्हणणाऱ्या आपल्या घरातल्या मंडळींनी यावर विचार करावा.

आता दवाखान्यातले बघा. इंग्लंडमध्ये साऊदॅम्प्टनला एका डॉक्टरांनी २०० रोगी निवडले. त्यांना त्रास होता, पण तपासणीत ठोस काही सापडत नव्हते. निम्म्यांशी ते ठामपणे बोलले, तुम्हांला अमुक झाले आहे आणि थोड्या दिवसांत बरे वाटेल. उरलेल्यांना म्हणाले, तुम्हांला काय झाले आहे ते मला नक्की सांगता येत नाही. दोन आठवड्यांनी विचारले तेव्हा पहिल्या गटातले ६४ टक्के बरे होते, दुसऱ्यातले ३९ टक्के. आणि गंमत अशी की, औषध दिलेल्यांत ५३ टक्के आणि न दिलेल्यांत ५० टक्के, म्हणजे चिठ्ठीने जेवढा फरक पडला नाही तेवढा तोंडाने पडला. ही १९८७ सालची गोष्ट. पुढे २००८ साली अमेरिकेत आतड्याच्या जुनाट दुखण्याच्या २६२ रोग्यांचे तीन गट केले. एका गटाला नुसते यादीत ठेवले. दुसऱ्याला खोट्या सुया लावल्या, पण बोलणे बेताचेच. तिसऱ्यालाही त्याच खोट्या सुया, पण आधी बसवून सविस्तर विचारपूस, आस्थेने ऐकणे, धीराचे दोन शब्द. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला म्हणणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२ टक्के होते.

इथे डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांच्या दारात साठ-सत्तर माणसे बसलेली असतात आणि त्यांतला प्रत्येकजण घाईत असतो. १९८४ साली अमेरिकेत मोजून पाहिले होते, रोग्याने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. अठरा सेकंदांत आपला माणूस 'राम राम' करून कुठल्या गावचा एवढेच सांगून होतो! कंबर त्यानंतर येते.

धीर देणे वेगळे आणि वाटेल ते कबूल करणे वेगळे. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ कमरेवर घ्यायची जुनी रीत आहे. ती लाथ लागू पडते असे सांगणारे जुने लोक खोटे बोलत नाहीत. साधी उसण बहुतेकदा थोड्या दिवसांत आपोआप उतरते, त्यात पायाळूवरचा विश्वास मिळाला की, आणखी लवकर हलके वाटते. शिवाय त्यानंतर माणूस हिंडू-फिरू लागतो, हा फायदा निराळाच. हेलसिंकीत १९९५ साली कंबर धरलेल्या १८६ नोकरदारांवर पाहणी झाली, त्यात खाटेवर पडून राहिलेल्यांपेक्षा जमेल तसे नेहमीचे काम चालू ठेवलेले लवकर सुधारले. पण पायाळूची लाथ फुकट होती आणि ती घेऊन कोणी शेत विकले नाही. आज भिंतीवर, बसस्टँडवर, मोबाइलवर 'मणक्याचे सर्व आजार १५ दिवसांत हमखास बरे' असे लिहिलेले असते ना, तिथे मात्र पैसाही जातो आणि कधी कधी तब्येतही. अशा ठिकाणच्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. घेतल्यावर चार दिवस एकदम मोकळे वाटते, मग तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. मेडिकलमधून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाण्याचेही तेच, जठर आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात.

यातही आमचा स्वतःचा अनुभव आहे. शेतकरी मेळाव्यात आम्ही पडद्यावर एकरी शंभर टनांचा एक प्लॉट दाखवतो. टाळ्या पडतात. मग पंचेचाळीस टन काढणारा सभासद सगळे ऐकून, ठिबक बसवून, बासष्ट टनांवर येतो आणि म्हणतो, "फसलो." सतरा टन वाढले तरी फसला, कारण आकडा आम्ही शंभर सांगितला होता. जुनाट कंबरदुखीचा माणूस असाच फसतो. दुखणे दहात आठ होते ते चारवर आले, रात्रीची झोप लागू लागली, मळ्यापर्यंत चालता येऊ लागले, तरी तो डॉक्टर बदलतो, कारण कोणीतरी त्याला शून्य कबूल केलेले असते. दुसरा डॉक्टर, तिसरा, मग ऑपरेशन. जुनाट दुखण्यात शून्य पुष्कळांना मिळत नाही. कमी दुखणे आणि जास्त काम हे मात्र पुष्कळांना मिळते. हे आधीच कोणी नीट सांगितले तर बासष्ट टनांचाही आनंद होतो.

खरे सांगूनही काम होते, त्याला पुरावा आहे. पोर्तुगालमध्ये लिस्बन येथे जुनाट कंबरदुखीच्या लोकांना गोळ्यांची बाटली देऊन स्पष्ट सांगितले की, यात औषध नाही. पण अशा गोळीनेही शरीर आपणहून साथ देऊ शकते, ते कसे, हेही समजावले. नेहमीचा उपचार चालूच ठेवला. तीन आठवड्यांत या लोकांचे दुखणे सुमारे ३० टक्क्यांनी उतरले, नुसता नेहमीचा उपचार घेणाऱ्यांचे ९ टक्क्यांनी. हे २०१६ चे. अशा रिकाम्या गोळीला इंग्रजीत साखरेची गोळी म्हणण्याची पद्धत आहे. साखर कारखान्याच्या माणसाने हे वाचून खूश व्हावे की नाही ते कळत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्यातली दुसरी गोष्ट. ती लिहू नये असे एक-दोघांनी सुचवले होते. आपल्या उसाला कोयता लावणाऱ्या बायका पहाटेपासून वाकून तोडतात, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढतात. कंबर आणि ओटीपोट दुखणे हे त्यांच्या पाचवीलाच पूजलेले. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत कितीतरी ऐन उमेदीच्या वयातल्या. कारणे अनेक आहेत. लहान वयातली लग्ने आहेत, तळावर संडास-पाणी नाही हे आहे, खाडा पडला की मुकादमाकडे पैसे कापले जातात हे आहे. या कारणांतली काही आपल्या दारातली आहेत, ती डॉक्टरांवर ढकलता येणार नाहीत. पण त्या वेळी वर्तमानपत्रांतून ज्या हकिगती आल्या, त्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा होते. पोटात-कमरेत दुखते म्हणून गेलेल्या बाईला सांगितले गेले, "पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल." बाईने कर्ज काढले, पिशवी काढली आणि धरून चालली की आता कंबर थांबली. अनेकींची थांबली नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, म्हणजे कंबर पुढे जास्तच बोलते. एका वाक्याने भीती घातली, त्याच वाक्याने उपचाराची अपेक्षाही ठरवून टाकली आणि मधला विचार करायला जागाच उरली नाही. तात्यांचे चार एकर आणि या बायकांचे शरीर यांत फार अंतर आहे, याची आम्हांला जाणीव आहे. पण वाक्याची घडण तीच आहे.

म्हणून या हंगामात टोळ्या आल्यावर तळावर जे आरोग्य शिबिर होईल, तिथे येणाऱ्या डॉक्टरांना आम्ही एक विनंती करणार आहोत. तपासणी थोड्या जणांची झाली तरी चालेल, पण प्रत्येकीचे बोलणे पुरे ऐकून घ्या आणि 'कॅन्सर' हा शब्द तपासणीच्या पुराव्याशिवाय उच्चारू नका. सभासदांनीही आपल्या रानात तोडणाऱ्या बाईला कोणी पिशवी काढायला सांगितली असे कळले, तर तिला आधी सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घ्यायला सांगावे, गाडीची सोय करावी.

बोलण्याने साऱ्या राज्यात फरक पडू शकतो, याचेही उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९९७ पासून टीव्हीवर साध्या जाहिराती दिल्या गेल्या: कंबर दुखली तरी खाटेवर पडू नका, हिंडते-फिरते राहा, कामावर जा. लोकांची समजूत बदलली, डॉक्टरांचीही बदलली आणि कंबरदुखीच्या नुकसानभरपाईचे दावे उतरले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये जाहिराती नव्हत्या, तिथे समजूत होती तशीच राहिली. (ऑस्ट्रेलियातही ऊस पिकतो, पण तो मुख्यत्वे वर क्वीन्सलंडकडे, व्हिक्टोरियात नव्हे.)

आपण काय करायचे? डॉक्टरांकडे जाताना काय सांगायचे ते घरीच ठरवून जावे. "फार दुखतं" याने त्यांना काही कळत नाही. "खोरं मारलं की दुखतं, चाललं की मोकळं होतं, रात्री कूस बदलताना जाग येते" असे सांगावे. फिल्म दाखवली की न लाजता विचारावे, "माझ्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसातही हे दिसतं का?" वाकू नका म्हणाले तर किती दिवस, हे विचारावे. आयुष्यभर की आठ दिवस, यात संसाराचा फरक आहे. उपचाराने काय काय होईल आणि काय होणार नाही, तेही विचारावे: दुखणे किती उतरेल, मी कोयता धरू शकेन का, किती महिन्यांनी, आणि नाही उतरले तर पुढे काय? नुसते मान हलवून बाहेर येऊ नये. कळले ते आपल्या शब्दांत परत बोलून दाखवावे, म्हणजे डॉक्टरांनाही कळते की आपण 'गॅप' म्हणजे काय समजलो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन काढले, त्यात रोग्याला समजावून सांगणे आणि व्यायाम या गोष्टी शिफारशीत आहेत. आणि सरसकट पट्टा बांधणे, वजन लावून कंबर ताणणे यांची शिफारस नाही. हेही डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही, चांगला डॉक्टर रागावत नाही.

मात्र एक ध्यानात ठेवा. काही लक्षणे असतील तर धीराच्या गोष्टी बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. लघवी किंवा शौच कळेनासे होणे, बैठकीची जागा बधिर होणे, पाऊल उचलता न येणे, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले जोराचे दुखणे, ही ती लक्षणे. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री विश्रांतीतही वाढणारे दुखणे असेल तर मणक्याच्या टीबीचीही शक्यता असते आणि आपल्या देशात ती नेहमी मनात धरावी लागते. तिथे फिल्म लागते, रक्त तपासावे लागते आणि उशीर परवडत नाही. पूर्वी कधी कॅन्सर झालेला असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगावे.

तात्यांना आम्ही तालुक्याच्या गावी एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. आम्ही म्हणजे आम्ही आणि आमचा ओव्हरसियर, कारण तात्या मोटारसायकलवर बसायला तयार नव्हते आणि जीप त्याच्याकडे होती. बाईंनी आधी फिल्म मागितलीच नाही. पाय उचलायला लावले, अंगठा दाबून बघितला, लहान हातोडीने गुडघ्यावर ठोकले, टाचेवर आणि चवड्यावर चालवले. मग फिल्म बघून म्हणाल्या, "तात्या, तुमच्या वयाला अशा फिल्मा मी रोज बघते, न दुखणाऱ्यांच्यासुद्धा. पायांत ताकद चांगली आहे. वाकताना दुखेल, पण वाकल्यानं काही मोडणार नाही. उद्यापासून पंधरा मिनिटं चाला, दर आठवड्याला वाढवा. आणि हे दोन व्यायाम."

तात्यांनी विचारले, "समदं जाईल का?"

"ते मी सांगू शकत नाही. थोडं राहीलही. पण दिवाळीपर्यंत रानात कामाला लागाल असं मला वाटतं. महिन्यानं या, मी बघते."

पट्टा काढू का, असे त्यांनी तीनदा विचारले. बाईंनी तीनदा तेच उत्तर दिले, आवाज न चढवता. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून हे ऐकत होतो आणि आम्हांला ते 'रान गेलं तुमचं' आठवत होते.

दोन एकर आडसाली त्यांनी वाट्यानेच दिली. उरलेले दोन एकर ठेवले आणि ऑक्टोबरात पूर्वहंगामी लागणीच्या नोंदीला स्वतः ऑफिसात आले. उठताना अजून टेबलाला हात लावतात.

"दुखतंय का तात्या?"

"दुकतंय की. रोजच दुकतंय. पर परवा सरी बघाय वाकलोवतो, तवा ध्यानातच न्हाई आलं." नंतर लगेच, "सायेब, टिपरी लावू का रोपं? रोपं लावाय कमी वाकाय लागतंय का वो?"

हा प्रश्न आम्हांला आजवर कोणी विचारला नव्हता. पुढच्या आठवड्यात रोपवाटिकेच्या गड्यांबरोबर एक सरी स्वतः लावून बघतो आणि सांगतो, असे म्हणालो आहोत.